नत्थूजींची सुटी

लाईट गेलेच आहेत तर तो दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका. घाबरायचं की हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं आहे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सिंदी मेघेहून बसनं पवनारला गेले ती फक्त आहेर द्यायला. पाच लिटरचा कुकर घेतला होता. आमच्या शाळेचे शिपाई नत्थूजी, त्यांच्या प्रेरणाचं लग्न होतं. नत्थूजी स्वतः आदल्या दिवाळीत गेले, लेकीचं लग्न काही त्यांना बघायला मिळालं नाही.

हा माणूस म्हणजे एक नमुनाच होता. तीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली. घंटा कसली, कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. विजेची घंटा आली तेव्हा तो तुकडा ते मागून घरी घेऊन गेले. संध्याकाळची घंटा दिली की फाटकात उभे राहून एकेक पोर मोजायचे. शेवटचं पोर बाहेर पडलं की माझ्या टेबलापाशी यायचे आणि हळूच विचारायचे, "मॅडम, जाऊ का?" मी "हो" म्हटल्याशिवाय सायकलला हात लावत नसत. एकदा मी तशीच निघून गेले, तर अंधार पडला तरी बाकावर बसून! दुसऱ्या दिवशी मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावरचा त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे लग्नाच्या मांडवाच्या दिशा बांधणं. चार बाजूंच्या चार खांबांशी मूठभर ज्वारी आणि एक लिंबू ठेवायचं, खांबाला सुताचा धागा गुंडाळायचा, त्या दिशेच्या राखणदाराला हाक मारायची आणि काहीतरी उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग लग्न लागेपर्यंत वाईट वारं आत शिरत नाही म्हणे. मी त्यांची यथेच्छ थट्टा करायची आणि ते गालातल्या गालात हसायचे.

तर मी कुकर घेऊन घरापुढच्या मांडवात शिरले आणि त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, माझा हातच धरला. दुसऱ्या हातात शाळेचा एक जुना हजेरीपट होता.

"मॅडम, यांनी सारं याच्यात लिवून ठेवलं हाय. तुमीच वाचा. तुमचा आवाज मोकळा हाय."

"अहो कमलाबाई, मी? मी तर..."

"तुमचा इस्वास नाई, मालूम हाय मले. हाक मारायले आवाज लागते, मॅडम."

हजेरीपट हातात घेतला. मी चष्मा लावला. पूर्वेला हाक मारली, तर लांब कुठेतरी कावळा ओरडला. पश्चिमेला मारली, आंब्याची पानं हलली. उत्तरेला कुत्रं भुंकलं. मला गंमत वाटायला लागली, अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखी. चौथ्या ओळीत दक्षिणेपुढे लिहिलं होतं, 'घरातलं गेलेलं माणूस'.

कमलाबाई म्हणाल्या, "यायलेच बोलवा."

मी त्या खांबापाशी उभी राहिले आणि सवयीनं मोठ्यानं म्हटलं, "नत्थूजी!"

कावळा नाही, पान नाही. मांडवात पोरंटोरं दंगा करत होती, पण त्या खांबाभोवती मात्र सारं मुकं झालं. मग वास आला. नत्थूजी चघळायचे त्या तंबाखूच्या खर्ऱ्याचा, ओल्या चुन्याचा आणि खडूच्या भुकटीचा. आणि अगदी कानाजवळ...

"हाव मॅडम... आलो."

माझ्या हातातला धागा गळून पडला. कमलाबाईंनी तो शांतपणे उचलला आणि खांबाला गुंडाळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहरा मात्र नव्या नवरीसारखा फुलला होता. मी हजेरीपट मिटला आणि पर्समध्ये टाकला. इथेच माझी चूक झाली. हजेरी सकाळी एकदा घ्यायची, मग तिचं काम संपलं, हीच आम्हा शिक्षकांची सवय. शेवटचं पान मी उलटलंच नाही.

लग्न मात्र असं झालं की विचारू नका! अक्षता पडल्या, बँडवाल्यानं नवऱ्याच्या मावशीला नाचवलं, आणि दोनशे माणसांच्या स्वयंपाकात तीनशे जेवली तरी वांग्याच्या भाजीचं पातेलं अर्ध्यावरच. आचारी सारखा झाकण उघडून बघत होता. नंतर त्यानं बघणं सोडून दिलं.

नवरामुलगा अश्विन पुलगावचा. त्याची आजी, जिजाबाई, एक्क्याण्णव वर्षांची. प्रवास झेपत नाही म्हणून घरीच थांबलेली, आणि नातसून उंबरा ओलांडेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही असा हट्ट धरून सकाळपासून ओसरीत बसलेली. म्हणून तीनला निघायचंच असं ठरलं होतं.

तीनला वऱ्हाड निघालं. आणि परत आलं. अश्विनच्या वडिलांचा चष्मा राहिला होता. पुन्हा निघालं, पुन्हा आलं, मावशीची शाल राहिली होती. तिसऱ्यांदा सगळे फाटकापर्यंत गेले आणि हसत हसत वळून परत मांडवात येऊन बसले. का वळलो ते कोणालाच सांगता येईना. गाडी सुरू व्हायची आणि फाटकाशी गप्प बसायची. वऱ्हाडी खुशीत होते, कोणी तर पुन्हा पान वाढून घेतलं. पण साडेचार वाजले आणि पुलगावहून फोन आला, आजीला घेरी आली, तरी ती पाण्याला तोंड लावत नाही.

प्रेरणा रडायच्या बेतात आली. "मॅडम, काऊन असं होऊन राह्यलं?"

कमलाबाई दक्षिणेच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मॅडमनं बांधलं. सोडलं कोनी?"

मी घाईनं पर्स उघडली. हजेरीपट काढून शेवटचं पान उघडलं. एकच ओळ होती. 'सोडणे – तोंडी.' बस. ते तोंड तर गेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हाव," कमलाबाई म्हणाल्या. "थोडा वेळ राहू द्या म्हटलं... एक दिवस त आला हाय."

मी त्यांच्याशेजारी टेकले. मला स्वतःलाच तिथून हलावंसं वाटत नव्हतं. पण प्रेरणा आईपुढे बसली आणि म्हणाली, "आई, ते म्हातारी उपाशी हाय तिकडं. बाबा असते त सोडलं नसतं का?"

कमलाबाईंनी डोळे पुसले. उठल्या, दहीभाताची शिदोरी बांधून आणली आणि खांबाच्या पायाशी ठेवली. "घ्या मॅडम. सोडा."

काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. पण नत्थूजींचा क्रम मला तोंडपाठ होता. आधी घंटा, मग सगळी पोरं, सर्वांत शेवटी ते. परसात टांगलेला रुळाचा तुकडा मी लांब सुटीची घंटा दिल्यासारखा वाजवला. सगळं वऱ्हाड शाळेतल्या पोरांसारखं तट्कन उभं राहिलं! मग पूर्व, पश्चिम, उत्तर, प्रत्येक खांबाचा धागा उलटा उकलला आणि म्हटलं, "सुटी झाली. जा." कुत्रं भुंकलं, पानं हलली, कावळा उडाला.

दक्षिणेच्या खांबापाशी मी थांबले. पुन्हा तो चुन्याचा वास.

"मॅडम... जाऊ का?"

कमलाबाईंनी मान डोलावली. आवाज मी मोकळाच ठेवला. "हो नत्थूजी. सगळी पोरं गेली. जा आता."

धागा आपोआप सैल झाला. फाटकाशी गाडी सुरू झाली, बँडवाल्यानं दणकून वाजवलं, आणि प्रेरणा निघाली ती हसत रडत निघाली. आचारी ओरडला, "भाजी सरली!" त्याला केवढा आनंद झाला होता.

रात्री जेवताना प्रेरणाचा फोन आला. आजी पोटभर जेवली होती.

"मॅडम, आजी विचारून राह्यली, गाडीतून आमच्यासंग उतरला तो खाकी कपड्याचा मानूस कोन? सगळे आत येईपर्यंत दारात मोजत उभा होता म्हनते. मंग आजीले म्हने, जाऊ का?"

मी विचारलं, "मग... आजी काय म्हणाल्या?"

"आजी म्हने, असा कसा जातो बापा? बस, जेवून घे. उद्या जाजो."

आणि आजी रोज तेच म्हणते. ठणठणीत झाली आहे, एकटी बसून कोणाशी तरी गप्पा मारते, खळखळून हसते. कमलाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला पेढे आणून दिले. पुलगावच्या घरात माणसं पाच. आजी सांगते, तो संध्याकाळी दारात उभा राहून पाच मोजतो आणि सुटी मागतो. जूनमध्ये एक दिवस त्यानं सहा मोजले. आजीनं लगेच गूळ वाटला. घरचे हसले, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रेरणाला गोड बातमी सांगितली.

काल पुन्हा फोन आला होता. आता तो सात मोजतो म्हणे. मी म्हटलं, अगं, जुळं असेल, आनंदच आहे! प्रेरणा म्हणाली, नाई मॅडम. सकाळीच सोनोग्राफी करून आली होती. बाळ एकच आहे.