पेवातला आवाज

तुमचा तो गाण्याचा डबा आधी बंद करा, मग सांगतो. छातीत घुमणारा आवाज मला आवडत नाही असं नाही. एके काळी त्याच आवाजासाठी मी उंद्री ते अमडापूर चिखलातून सायकल हाणली आहे. पण तो ऐकला की मला कडूबा आठवतो, आणि कडूबा आठवला की रात्रीची झोप जाते.

कडूबा उंद्रीचा सुतार, माझा जिवलग. मी तेव्हा खांबांवर चढणारा वायरमन. ही गोष्ट त्याच्यावर गुदरलेली. त्यानं मला ती तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. थापा मारणारा माणूस दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवतो. कडूबानं कधी वाढवलं नाही.

साल १९६८. डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार, मार्गशीर्षाची अमावस्या. दुपारी कडूबाला अमडापूरहून उकंडरावांचा निरोप आला: फळी खडखडते, आजच येऊन कसून दे. त्यानं पिशवीत पेचकस, थोडे स्क्रू आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे टाकले, बायकोला, शालूबाईला सांगितलं, "जेवाले येतो वापस," आणि सायकल काढली. ऊन उतरलं होतं. रस्त्यात कापसाच्या दोन गाड्या लागल्या, गाडीवानांशी चार शब्द झाले. दिवे लागायच्या वेळेला तो उकंडरावांच्या दारात पोचला.

आता ती फळी कसली, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उकंडराव म्हणजे तालेवार माणूस. जमीन भरपूर, आणि एकच वेड, घुमणारा आवाज. मुंबईला कुण्या शेठच्या बंगल्यात त्यांनी एकदा पखवाजाची रेकॉर्ड ऐकली होती. तेव्हापासून त्यांना घरचा आवाज पांचट लागायला लागला. परदेशी रेडिओग्राम आणून झाला, मोठमोठी लाकडी खोकी करून झाली. "आवाज कानाले नाही, पोटात लागला पायजे," असं ते येईल त्याला ऐकवायचे.

त्यांची ही हौस पुरवली इंद्रभाननं. इंद्रभान आमच्याच उंद्रीचा. मुंबईत दहा वर्षं सिनेमा थेटरांतले स्पीकर दुरुस्त करून म्हाताऱ्या आईसाठी गावी परत आलेला. बोलायला गरीब, पण हातात जादू. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतः गुंडाळायचा, ॲम्प्लिफायर स्वतः बांधायचा. अंगाला कायम तारांना डाग द्यायच्या राळेचा वास. त्यानं मोडीत निघालेल्या थेटराचा परातीएवढा स्पीकर आणला आणि उकंडरावांच्या बैठकीत उभा राहून विचारलं, "मालक, या फरशीखाली पेव हाये ना?"

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं, खोली पंधरा फूट. उकंडरावांचं पेव बरीच वर्षं वापरात नव्हतं. इंद्रभाननं समजावलं की स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज टाकतो तसाच मागेही टाकतो, आणि हे दोन आवाज एकमेकांना खातात. सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो हाच, घुमणारा. मागचा आवाज जमिनीत गाडला, तर पुढचा मोकळा होतो.

कडूबानं सागवानाची तीन बोटं जाड फळी केली, मधे गोल भोक कापलं, त्यात स्पीकर बसवला आणि ती पेवाच्या तोंडावर आवळली. श्रावणात पहिल्यांदा लावला तेव्हा मी हजर होतो. पखवाजाची थाप पडली आणि भिंतीवरच्या खुंटीचा कंदील हलला. आवाज ऐकू आला असं म्हणवत नाही. तो मांडीतून वर चढला. उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ही बातमी मलकापूरपर्यंत गेली. तिथल्या भगवानराव जिनवाल्यांनी इंद्रभानला बोलावणं धाडलं आणि तो हो म्हणून बसला. उकंडरावांना हे कळलं तसं त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, "जिल्ह्यात असा आवाज एकच राहीन. माह्या घरी." इंद्रभान हसला. म्हणाला, "मालक, आवाज काय कोणा एकाचा असते का?"

कडूबा म्हणायचा, त्या हसण्यानंच घात केला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी इंद्रभाननं पेव आतून साफ करायचं काढलं. तळाला जुनी सडकी ज्वारी होती. ती काढून भिंती सारवल्या की आवाज आणखी खोल जाईल, असं त्याचं म्हणणं. फळी उचलली. आता पेवात उतरायची आमच्याकडची रीत अशी, की आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो सोडायचा पेवाच्या मालकानं. तळाला जाऊन जळत राहिला, तर मालक म्हणतो "दिवा जळून राह्यला", आणि मगच माणूस शिडीवर पाय ठेवतो. उतरणारा स्वतः वाकून पाहत नाही, पाहणं म्हणजे मालकाच्या शब्दावर अविश्वास. कंदील विझला, तर समजायचं की आत वारं मेलं आहे. मग दिवसभर पेव उघडं टाकायचं.

उकंडरावांनी कंदील सोडला. इंद्रभान पलीकडे ॲम्प्लिफायरच्या तारा सोडवत होता, पाठमोरा. कडूबा पेवाजवळ. कंदील निम्म्यात गेला आणि विझला.

कडूबानं पाहिलं. उकंडरावांनी पाहिलं. दोघांची नजरानजर झाली.

उकंडरावांनी दोरी सावकाश वर ओढली, कंदील मागे ठेवला आणि म्हणाले, "दिवा जळून राह्यला. उतर."

 कडूबाचं घर उकंडरावांच्या जागेवर, बारा महिन्यांचं काम उकंडरावांकडे. एक शब्द बोलायचा होता फक्त. इंद्रभान शिडीवरून उतरताना त्याच्याकडे पाहून म्हणाला, "कडूबा, घमेलं दे बरं." कडूबानं घमेलं दिलं. पाचव्या पायरीवर इंद्रभान थांबला, जणू काही आठवलं, आणि हात सुटले. ओरडला नाही. खालून फक्त घमेल्याचा आवाज आला.

जगानं अपघात म्हटलं. तेराव्याला इंद्रभानच्या बायकोनं, कोकिळानं, कडूबाला एकट्याला गाठून विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. दिवा सोडला होता का?" कडूबा म्हणाला, "हाव. सोडला होता." यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला जन्मभर जाळत राहिलं. मला आजही त्याचा राग येतो. तेव्हाही आला होता. पण मी तरी त्याच्या जागी काय केलं असतं, देव जाणे.

आणि उकंडराव? त्यांनी महिनाभरात पेव उपसलं. दाणा न् दाणा बाहेर काढला, भिंती शेणानं सारवल्या, वर चुना मारला आणि फळी पुन्हा बसवली. पाहुण्यांना सांगायला लागले, "ही अक्कल माही." इंद्रभानचं नाव त्या घरात कुणी काढेना.

तर त्या गुरुवारी कडूबा पोचला तेव्हा उकंडराव एकटेच होते. त्यांच्या मंडळी अन्नपूर्णाबाई मुलीकडे चिखलीला गेल्या होत्या. उकंडरावांचे डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्यांनी रेकॉर्ड लावली. खडखड येत होती खरी. कडूबानं स्क्रू आवळले, नमदा ठोकला. तरी खडखड जाईना. तीन तास हेच चाललं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली. ही वेळ माझी आहे. त्या रात्री दुरुस्तीला खांबावर मीच होतो आणि वहीत मीच लिहिली. साऱ्या अमडापुरात अंधार झाला.

रेकॉर्डची तबकडी फिरत फिरत थांबली. ॲम्प्लिफायरचे लाल झालेले व्हॉल्व्ह काळे पडले. उकंडरावांनी कंदील लावला.

"थांबली ना खडखड," ते म्हणाले.

थांबली होती. पण स्पीकरचा पडदा हलत होता.

वर... खाली. वर... खाली. सावकाश. माणूस गाढ झोपेत असला की छाती हलते, तेवढाच.

कडूबानं स्पीकरची तार सोडवली. दोन्ही टोकं हातात धरली. पडदा हलतच होता.

"घूस शिरली असन आत," उकंडराव म्हणाले. "फळी काढ."

"मालक, सकाळी पाहू."

"काढ म्हणतो ना बे."

त्यानं स्क्रू काढले. दोघांनी फळी उचलून बाजूला ठेवली. पेवाचं तोंड उघडं झालं. गार हवा वर आली. आणि त्या हवेबरोबर तो आला.

आवाज.

कडूबा सांगायचा, तो ऐकू येत नव्हता. दात शिवशिवत होते. पोटात काहीतरी हलत होतं. एक थाप... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा एक थाप. इतका खोल की त्याच्या खाली दुसरा आवाज असू शकत नाही.

उकंडरावांनी डोळे मिटले. तोंडावर हसू आलं.

"ऐकलं का बे... हेच. हेच पायजे होतं मले. वरून एवढं येते, तर आत..." ते थांबले. मान खाली झुकली. "आत काय असन..."

"मालक, मांगं सरा."

"चूप. शिडी लाव." डोळे मिटलेलेच. "कंदील सोड."

रीत मोडली होती. दिवा मालकानं सोडायचा असतो. कडूबानं सोडला. दोरी हातातून सरकत गेली. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती उजळल्या. तळ दिसला, स्वच्छ, सारवलेला. काही नव्हतं तिथं.

निम्म्यात गेला.

विझला.

दाणा न् दाणा उपसून, सारवून, चुना मारून घेतलेलं पेव. त्यात वारं मरायचं कारण नाही. पण कंदील विझला.

कडूबाला राळेचा वास आला. अगदी जवळून. त्याच्या उजव्या खांद्याशी कुणीतरी त्याच्याबरोबरच वाकून खाली पाहत होतं. त्यानं मान वळवली नाही. वळवायची हिंमत झाली नाही.

उकंडराव शिडीचे दांडे धरून उभे. डोळे मिटलेले. पाय चाचपडत.

"कडूबा. दिवा जळते ना?"

...

थाप पडली. मग शांत.

"जळते का नाही बे?"

कडूबाला नाही म्हणायचं होतं. तो शपथेवर सांगायचा. नाही हा शब्द ओठांपर्यंत आला होता. मग त्याला कोकिळा दिसली. घमेलं दिसलं. आणि खांद्याशी जो होता तो... फक्त वाट पाहत राहिला.

"दिवा जळून राह्यला, मालक," कडूबा म्हणाला. "उतरा."

पहिली पायरी. दुसरी. उकंडराव हसत होते. तिसरी. चौथी.

पाचवी.

मग आवाज बंद झाला. वास गेला. कडूबा पेवाच्या काठावर बसून राहिला.

पुढे त्यानं पोलिसांना सांगितलं, मालक स्वतःहून उतरले. तेही खरंच होतं. पण कोकिळाकडे मात्र तो दुसऱ्याच दिवशी गेला आणि दोन्ही दिव्यांची हकीकत पहिल्यापासून सांगितली. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "पहिल्यांदा खोटं मालक बोलले, तवा तुम्ही चूप. दुसऱ्यांदा तुम्ही बोलले. आता उठा, घरी जा." पुन्हा कधी ती त्याच्याशी बोलली नाही. अमडापुरात लोकांनी हळहळ केली. मी नाही केली. मला बरं वाटलं होतं, तुमच्यापासून कशाला लपवू.

हे झालं कडूबाचं सांगणं. त्यातलं भूत किती आणि त्याच्या मनातलं किती, ते तुमचं तुम्ही ठरवा. आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो.

अकरा चाळीसला लाईन जोडून मी गावात शिरलो. उकंडरावांच्या दारात माणसं जमली होती. मी दुसरा कंदील सोडला. तो तळापर्यंत गेला आणि छान जळत राहिला. म्हणून उतरलो मीच, कमरेला दोर बांधून. उकंडराव भिंतीला टेकून बसले होते, तोंड वर, डोळे उघडे. मी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. गालाला काहीतरी ओलं, गार लागलं.

मी कंदील जवळ धरला.

त्यांच्या दोन्ही कानांत ज्वारी होती. आत, खोलवर, ठासून भरलेली. तळ मी हातानं चाचपला. सारवण कोरडं होतं. बाकी एकही दाणा कुठं सापडेना.

आणि त्या कानांतल्या ज्वारीला बोटबोट लांब पांढरे कोंब आले होते. ज्वारीला कोंब फुटायला दोन दिवस लागतात. उकंडरावांना उतरून अडीच तास झाले होते.