गॅब्रिएलचा टेक

पटलं नाही तर सोडून द्या. पण माझा आतेभाऊ इग्नेशियस, आमचा इग्गी, थापा मारणाऱ्यातला नाही. आणि ती फाइल मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

उमेळे गाव. २०२३चा गुड फ्रायडे. भर दुपार.

इग्गीच्या बँडचा पहिला अल्बम गॅब्रिएलने गायला होता. दुसरा अर्धवट असताना तो गेला. बाईकच्या अपघातात. हायवेवर.

मग इग्गी गाऊ लागला. पण शेवटचं गाणं गॅब्रिएलच्या पट्टीतलं. ते काही जमेना.

आणि त्या गाण्याशिवाय अल्बम नव्हता. अल्बमशिवाय बँड नव्हता.

ड्रमर ज्युलीच्या घरामागे विहीर होती. आत माईक सोडून वरून गायलं की आवाज घुमायचा. जागा बिल्डरला दिलेली. सोमवारी विहीर बुजणार होती.

गुड फ्रायडेला गावात लाउडस्पीकर नसतो. चर्चची घंटाही वाजत नाही. सगळे प्रार्थनेला. रेकॉर्डिंगला एवढी शांतता पुन्हा कुठली?

"आज गायचं नसतं रे," ज्युली म्हणाली.

"मी गातो कुठे? ओरडतो."

"हो, ते ऐकतेय वर्षभर."

त्याने वाकून गायला सुरुवात केली.

आवाज फाटला.

परत.

परत फाटला.

शेवटी घशातून काहीच येईना. तो विहिरीच्या काठावर आडवा पडला. तोंड आत.

"गॅब्री, एक टेक दे रे. एकच. तुझ्या पाया पडतो."

कावळे गप्प झाले...

हेडफोन लावून बसलेल्या ज्युलीने हळूच विचारलं, "इग्गी, तू गातोयस?"

इग्गीचं तोंड मिटलेलं होतं.

खाली गाणं सुरू होतं. गॅब्रिएलच्या आवाजात. पूर्ण गाणं.

संपलं... आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झालं.

ज्युलीने लॅपटॉप मिटला. दोघं पळाली. माईक आतच राहिला.

सोमवारी विहीर बुजली.

फाइलमध्ये टेक होता. सुंदर. पाठोपाठ तेच गाणं दुसऱ्यांदा. इग्गीने पुढचं कापलं, सेव्ह केलं.

सकाळी फाइल उघडली...

तिसऱ्यांदा चालू होतं.

कितीही कापा. ती वाढतेच. शेवट सापडत नाही, म्हणून अल्बम निघत नाही.

याचं कारण ज्युलीला उमगलं. गॅब्रिएल डोळे मिटून गायचा. कुणी पाठीवर थाप मारून "बस, मिळाला" म्हणेपर्यंत थांबायचा नाही.

त्या दुपारी कुणीच म्हणालं नाही.

विहिरीवर आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. इग्गी तिथे जातो. फरशी थोपटून म्हणतो, "मिळाला रे. बस."

वॉचमन हाकलून देतो.

परवा त्याने मला फाइल ऐकवली. गॅब्रिएलचा घसा पार बसलाय. शब्द तुटतायत. मध्येच खोकला...

आणि परत पहिली ओळ.

मी म्हणालो, "डिलीट कर ना."

इग्गीने माझ्याकडे पाहिलं.

"मग तो गाईल कुठे?"