शेजारच्या सीटचं वजन

टायरच्या दुकानात मी एक ट्यूब घ्यायला गेले होते, भांडायला नाही. पण समोर एक उंच, चष्मेवाला माणूस एवढाल्या टायरांवरून हात फिरवत उभा होता, आणि बाहेर त्याची अठरा वर्षांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बिचारी मुकाट्याने उभी होती. हे टायर तिला चढवले तर पहिल्याच वळणावर मडगार्डला घासणार, हे मला दारातूनच दिसलं. आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"ते घेऊ नका," मी म्हटलं.

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी मला ट्यूब मिळेल की नाही अशी शंका यावी. चष्मेवाला मात्र वळला आणि हसला. तसं... म्हणजे, बरं हसला.

"मग काय घेऊ?"

"आधी गाडी दाखवायला आणा. कोपऱ्यावरून डावीकडे, निळं शटर. बाबांचं आणि माझं गॅरेज आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला स्वारी हजर. बाबा एका गाडीखाली होते, तिथूनच त्यांनी फक्त त्याचे बूट पाहिले आणि माणूस बरा वाटतो असं जाहीर केलं. तो दातांचा डॉक्टर निघाला. वर डोंगरात अकरा वस्त्या आहेत, तिथे दात दुखला तर लोक दोरा बांधून उपटतात. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तो दोन वर्षं तिकडे राहायला जाणार होता. दातांची खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर सगळं या गाडीत टाकून वस्ती-वस्तीने फिरायचं, असा बेत. रस्ते म्हणाल तर दगड, ओढे आणि चढ.

गाडीला काय काय करायचं याची त्याने यादी आणली होती. दीड पान. सगळी मोबाइलवर व्हिडिओ बघून केलेली. मी कानामागची पेन्सिल काढली.

"गाडी चार इंच वर उचलायची? दीड पुरे. छतावर आठ दिवे? रात्री दात काढणार आहात का?"

"नाही, पण... दिसायला छान दिसतात."

"पाण्यात हवा घेणारी ही नळी? ओढा केवढा आहे?"

त्याने प्रामाणिकपणे आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मी नळी खोडली. विंचपाशी, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणाऱ्या चरखीपाशी मात्र पेन्सिल थांबली. गाडी रुतली तर ओढून काढायला दुसरं कुणी असणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, एकटाच असेन. मग विंच ठेवू, मी म्हटलं, आणि उगाच त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

खोडून झाल्यावर यादीच्या वर मी माझी कामं लिहिली. ब्रेक, पाण्याचे पाइप, स्टिअरिंग, झिजलेले रबरी बुश. म्हाताऱ्या माणसाला डोंगर चढायला लावण्याआधी गुडघे तपासतात, नवीन टोपी घेत नाहीत, मी म्हटलं. हे ऐकून डॉक्टर इतका हसला की बाबा गाडीखालून बाहेर आले.

मग रोज संध्याकाळी दवाखाना आटोपून तो यायला लागला. उलट्या घातलेल्या डब्यावर बसायचा, टॉर्च धरायचा, तोही चुकीच्या जागी. मला 'मिस्त्री' म्हणायचा. मी टॉर्च नीट धरा म्हटलं की माझ्या हातावर धरायचा, आणि मी वर पाहिलं की घाईघाईने नटावर...

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही डाव्या बाजूने चावतच नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन टनांच्या गाडीखाली बिनधास्त झोपणारी मी, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मला घाम फुटतो. तुमचाच दिवा द्या, फक्त बघतो, असं म्हणत त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. त्याच्या हाताला साबणाचा वास होता, माझ्या हनुवटीला ग्रीस.

"दाढ वाचेल," तो म्हणाला. "पण..."

पुढचं बोलायला तो विसरला आणि मी तोंड मिटायला. बाबा खोकले. त्या दिवसापासून बाबांना रोज संध्याकाळी बाहेर कामं निघायला लागली.

आणि इथेच माझी खरी गोची होती. गाडी तयार झाली की तो जाणार. मी जितकं चोख काम करणार तितका लवकर जाणार. एकदा तर नवे आलेले बुश मी दोन दिवस फडताळात दडवून ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून बाहेर काढले. मला तो आवडला होता. साधा, सरळ, झोप उडण्याइतका आवडला होता, आणि त्याच्या मनात काय आहे याचा मला पत्ता नव्हता.

शेवटी स्प्रिंगचे पाटे तेवढे राहिले. पाटे ओझं बघून घडवून घ्यावे लागतात. कमी जाडीचे घेतले तर गाडी बसते, जास्त घेतले तर उडते. म्हणून आमच्याकडे एक कागद असतो. त्यावर दोन रकाने, नेहमीचं ओझं आणि कधीमधीचं ओझं. पाटे नेहमीच्या ओझ्यावर ठरतात. या कागदावर लोक फार खोटं लिहितात. एका गृहस्थांनी सासूबाई कधीमधीच्या रकान्यात लिहिल्या होत्या, सहा महिन्यांत त्यांचे मागचे पाटे बसले.

"खरं तेच लिहा," मी डॉक्टरला बजावलं.

त्याने खरं लिहिलं. खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, पाण्याचे कॅन, औषधांच्या पेट्या. आणि शेजारची सीट... शून्य. नेहमीच्याही रकान्यात आणि कधीमधीच्याही. ठसठशीत, गोल शून्य.

मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, उद्या वजन करून घेऊ.

लाकडाच्या वखारीत मोठा वजनकाटा आहे. सकाळी सगळं सामान भरून आम्ही गाडी काट्यावर घेतली. हवेत भुशाचा गोड वास होता, मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक उभा होता. माणसं उतरा, काटेवाले काका म्हणाले. मी उतरले. लाल आकडा लागला, मी तो कागदावर टिपून घेतला. संपलं, माझ्या मनात आलं, आता फक्त ऑर्डर द्यायची.

"परत एकदा करा," डॉक्टर काकांना म्हणाला. "शेजारच्या सीटसकट."

"कागदावर शून्य आहे," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

"तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं वजन मी कसं लिहिणार?" त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं तेच लिहायचं होतं ना. माझ्या मनातलं लिहिलं असतं, तर ते खरं आहे की नाही हे... मलाच माहीत नव्हतं. रात्रभर ते शून्यच डोळ्यांसमोर होतं."

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मी जाऊन शेजारच्या सीटवर बसले. आकडा हलला.

"साठ किलो वाढले," काकांनी अख्ख्या वखारीला ऐकवलं.

"छप्पन्न," मी खिडकीतून ओरडले. "तुमचा काटा दहा-दहाने चढतो."

डॉक्टर कागद घेऊन खिडकीपाशी आला. कान लाल झाले होते त्याचे.

"कुठल्या रकान्यात लिहू, मिस्त्री?"

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. बाबांनी तीस वर्षं गॅरेज चालवलंय, ते माझ्यावाचून अडणार नाहीत. पण बाबांवाचून, त्या निळ्या शटरवाचून माझं चालेल का, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि खोटं मी त्या कागदावर कुणालाच लिहू देत नाही.

"मला तुम्ही आवडता, डॉक्टर," मी म्हटलं. "पण माझं गॅरेजही मला आवडतं. त्यामुळे आत्ता तरी कधीमधीचं. दर महिन्याला येईन, ब्रेक बघायला."

"बरं," तो म्हणाला. चेहरा उजळलाही आणि किंचित उतरलाही.

"पूर्ण ऐका. पाटे काही सारखे सारखे बदलता येत नाहीत. पुढचा विचार करूनच घ्यावे लागतात." मी श्वास घेतला. "म्हणून नेहमीच्या रकान्यात लिहा."

मागचा ट्रकवाला आता हॉर्नवरून हातच काढेना. डॉक्टरने कागद बोनेटवर ठेवला, शून्य खोडलं आणि लिहायला लागला. मी मान लांब करून पाहिलं. छप्पन्नच लिहिलं होतं, नेहमीच्या रकान्यात, आणि त्याखाली उगाच दोन रेघा मारल्या होत्या.