पेटीची पाठ

"वसंता, खिडकीतून बाजूला हो. सावली पडती," देवानंद म्हणाला आणि वसंताच्या अंगाचा तिळपापड झाला.

सावली पडती म्हणे! जसं काही ते यंत्र याच्या घरचंच. यंत्र होतं जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्याचं, आणि तिथले स्टोअरकीपर काकासाहेब हे वसंताचे सख्खे चुलते. सुट्टीत बदनापूरहून सकाळच्या गाडीनं मुलांना घेऊन येणारेही तेच. पण मान कुणाला? देवानंदला! का, तर त्याच्या थोरल्या भावाचा टायपिंगचा क्लास. बारा वर्षांचं पोर, पण दहाही बोटांनी इंग्रजी टाइप करायचं.

यंत्र म्हणजे उचलून नेता येणारा कॉम्प्युटर. साल १९८५, आसपासच्या गावांत असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. शिलाई मशीनच्या पेटीएवढी जड पेटी. झाकण काढलं की तेच झाकण कीबोर्ड व्हायचं, आणि आत तळहाताएवढ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. मागच्या जाड वायरीतून तीच अक्षरं शेजारच्या प्रिंटरकडे जायची, की चर्र चर्र करत पिशव्यांची लेबलं बाहेर. यंत्र सांभाळणारे रामकिसनदादा म्हणायचे, कीबोर्ड म्हणजे याचे कान आणि प्रिंटर म्हणजे तोंड.

समोरच्या खुर्चीवर देवानंद, तिच्या हातावर वसंताची धाकटी बहीण उषा. राहिली ती टेबलामागची, खिडकीकडची जागा. आठ दिवस वसंता तिथं जळत बसला होता. बटणाला बोटही लावायला मिळेना, तेव्हा त्यानं वहीत पेटीच्या पाठीचं चित्र काढलं. हवेची जाळी, विजेची वायर, आणि अगदी एकसारखी दोन सॉकेटं. डावं रिकामं, उजव्यात प्रिंटरची वायर. सगळं जिथल्या तिथं.

"लोक तोंडाचं चित्र काढतात, हा पाठीचं काढतो," उषा म्हणाली. देवानंद खो खो हसला. ते हसणं वसंताच्या फारच जिव्हारी लागलं.

अक्षय तृतीयेला रामकिसनदादा कामासाठी औरंगाबादला गेले होते, संध्याकाळी येणार होते. कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होती, म्हणून मुलं लिंबाखाली डबा खायला गेली. परत येऊन बघतात तर पेटीच्या कपाळी ठसठशीत कुंकू. देवानंदनं ऐटीत लेबल छापायला सांगितलं. प्रिंटर गप्प. पुन्हा सांगितलं, तरी गप्प. पडद्यावरची अक्षरंही जागची हलेनात.

दारात वाटूरला जाणारा ट्रक भरायला उभा होता, आणि लेबलाशिवाय एक पिशवी हलणार नव्हती. काकासाहेब तापले. सकाळी बराबर चाललेलं यंत्र बंद कसं पडलं, याचा त्यांनी क्षणात निकाल लावून टाकला.

"पोराच्या हाती दिलं तिथंच चुकलं! उद्यापासून तू यायचं न्हाई. अन् हा खर्चा तुझ्या घरून भरून घेतो का न्हाई बघ."

वसंताला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगायचं? रिकाम्या होणाऱ्या खुर्चीकडे त्यानं एकदा बघूनही घेतलं. मग तो आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला, आणि त्याची नजर पेटीच्या पाठीवर गेली. प्रिंटरची वायर डाव्या सॉकेटात होती! तिच्या टोकावर कुंकवाच्या बोटांचे दोन ठसे होते.

त्यानं वही काढली नाही. बसू दे याला घरी, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात देवानंद डबा उचलायला खाली वाकला. आपली बोटं मुठीत लपवत तो हळूच म्हणाला, "मीच कायतरी चुकीचं दाबलं असंल, वसंता. मला कळलंच न्हाई बघ."

आता मात्र वसंताला राहवेना. आपण ज्या बोटांवर आठ दिवस जळलो, तीच बोटं हा आता चोरासारखी लपवतोय! आणि खरं फक्त आपल्याला ठाऊक. त्यानं वही उघडून काकांपुढे धरली.

"काका, पूजेच्या वेळी वायरी कुणी काढल्या?"

काकासाहेब चपापले. पूजेत पेटीचं तोंड पूर्वेला हवं, आणि पूर्वेला तर खिडकी, म्हणजे पेटीची पाठ. पेटी फिरवावी तर वायरी पुरेनात. म्हणून त्यांनी त्या काढल्या, आणि पूजा झाल्यावर जिथं बसल्या तिथं परत बसवल्या. उषानं त्यांचा उजवा हात उलटा केला. बोटं अजून लालच होती!

"आधी बटन बंद करा," वसंता म्हणाला. मग त्यानं वायर उपसून उजव्या सॉकेटात बसवली. देवानंदनं यंत्र सुरू केलं, लेबल मागितलं, आणि प्रिंटर चर्र चर्र करत कामाला लागला.

ट्रक वेळेवर गेला. काकासाहेबांनी देवानंदच्या पाठीवर हात ठेवला. "चूक माझी होती, बाळा. उद्या आला न्हाईस तर घरी न्यायला येईन," ते म्हणाले.

संध्याकाळी रामकिसनदादांनी सारा प्रकार ऐकला आणि ते चित्र बराच वेळ न्याहाळलं. "समोर बसणारे लई मिळतात, मागं काय चाललंय ते बघणारा एखादाच," असं म्हणून त्यांनी वसंताला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. त्याचं नाव त्यानंच छापायचं, असं फर्मान काढलं.

खुर्ची मिळाली खरी, पण अक्षरं सगळी अस्ताव्यस्त! वसंता एका बोटानं व्ही शोधत बसला. देवानंद वही घेऊन खिडकीकडे गेला होता. "हे डावं सॉकेट मंग कशासाठी रे? मला पण सांग ना," तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तो सूर वसंताच्या चांगलाच ओळखीचा होता.

"बाजूला हो," वसंता म्हणाला. "सावली पडती."

देवानंदनं मागं वळून बघितलं. खिडकीत ऊन कुठलं? ते कधीच पलीकडे गेलं होतं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही फिसकन हसले.

वसंता खुर्चीत अर्धा सरकला. "ये इकडं. आधी व्ही दाखव, मंग सॉकेटाचं सांगतो."