डोळे शेवटी

हळू बोल हं, आमचे हे त्या खुर्चीत डुलक्या घेतायत. मी इथे कॉम्प्युटरवर बसले की ते माझ्या पाठीमागे पेपर उघडतात आणि पान उलटायच्या आत घोरायला लागतात. त्यांच्या मते मी भंगार सांभाळते. सांभाळते तर सांभाळते! त्यांनाही सांभाळतेच की.

माझं काम म्हणजे लोकांनी जुन्या कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं नव्याला समजतील अशी करून द्यायची. हा टीव्हीला जोडलाय तो जुना, कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार. तो शेजारचा नवा. दोघांमधून विस्तव जात नाही. एकाची फाइल दुसऱ्याला दिली की पडद्यावर नुसता कचरा दिसतो. म्हणून मध्ये ही केबल, आणि मध्यस्थ मी.

गेल्या थंडीत एका दुपारी शिंपीमास्तर आले. आपल्या कोपऱ्यावरचेच. ते आले की खोलीत इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास येतो. त्यांनी रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी माझ्या हातात ठेवली.

"ताई, हिनं काढलेलं चित्र आहे. सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक तर गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर काही धड सांगत नाहीत. त्याआधी एकदा नीट बघायचंय. कागदावर."

त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. दिवसभर दुकानात काजं-बटणं करायची आणि संध्याकाळी जॉयस्टिक घेऊन टीव्हीपुढे थोडं थोडं चित्र काढत बसायची. ती गेल्यावर मुलानं तो कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला. फ्लॉपी तेवढी राहिली.

मी ती उजेडात धरून पाहिली. आतल्या चकतीचा थर सुटायला लागला होता.

"मास्तर, ही एकदाच वाचली जाईल. तेवढं नशीब धरून चाला."

"एकदा पुरे," ते म्हणाले.

कॉम्प्युटरला चुकून तिच्यावर काही लिहिता येऊ नये म्हणून मी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. हे मी नेहमीच करते, पण इथे सांगून ठेवते.

आता ऐक. तिचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम जगावेगळा होता. बाकीचे प्रोग्रॅम तयार चित्र साठवतात. हा हात कसा कसा फिरला ते साठवायचा. फाइल उघडली की चित्र पुन्हा पहिल्या रेघेपासून काढलं जातं, त्याच गतीनं, खाडाखोडीसकट. नव्या कॉम्प्युटरला त्यातलं काही कळत नाही, त्याला शेवटचं चित्र हवं. म्हणून आपण हात पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग पडदा केबलनं पलीकडे पाठवायचा. हात चालू असताना पडदा पाठवता येत नाही, आणि मध्येच बंद केलं तर तो पुसला जातो.

मी फाइल सुरू केली. काळ्या पडद्यावर पांढरा कर्सर हलला. दुकानाची खिडकी आली, शिलाई मशीन आलं, मशीनवर वाकलेले मास्तर आले. तिनं त्यांना भरघोस केस काढले, थोडा वेळ थांबली आणि सगळे पुसून टाकले.

मास्तर खो खो हसले. "बघा, बघा! म्हणाली, थापा किती मारायच्या." लगेच ढेरी वाढायला लागली. "अगं पुरे!" ते टीव्हीला म्हणाले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं गं.

त्यांच्याशेजारी तिनं एक रिकामं स्टूल काढलं.

"मी विचारलं होतं, तू कुठेस यात? तर म्हणाली, माझं स्टूल काढलंय ना." मास्तरांनी पडद्यावरच्या स्टुलाकडे बोट केलं. "तेव्हा चांगली धडधाकट होती हो. महिन्याभरात गेली."

कर्सर चेहऱ्यावर येऊन थांबला. चेहऱ्याला डोळे नव्हते.

"झालं," मास्तर म्हणाले. "इथेच थांबली ती. डोळे नेहमी शेवटी काढायची. उद्या काढते म्हणाली... आणि रात्रीच..."

मी चित्र पलीकडे पाठवायच्या बटणाकडे हात नेला, आणि कर्सर पुन्हा हलला.

डावा डोळा आला, मग उजवा. पापण्या, खालच्या सुरकुत्या. खोलीत बामचा उग्र वास पसरला. आमच्या घरात बाम नाही, यांना तो सोसत नाही.

"तिची पाठ दुखायची," मास्तर अगदी हळू म्हणाले. "तुम्हालाही येतोय ना वास?"

मी नुसती मान हलवली. डोळे झाले, तरी हात थांबेना. तो शर्टाच्या बटणांवर गेला. एकेक बटण पुन्हा पुन्हा गिरवायला लागला. आत फ्लॉपी खरखरायला लागली, थर खरवडला जात होता. मी बंद करावं तर चित्र जाणार. नाही करावं तर फ्लॉपी जाणार, आणि तिच्याबरोबर चित्रही.

"मास्तर... ही थांबत नाहीये..."

मास्तर उठले. टीव्हीजवळ गेले, आणि काचेवर, जिथे कर्सर फिरत होता तिथे, तळहात ठेवला.

"झालं गं. छान झालंय. ऊठ आता, पाठ दुखेल."

कर्सर थांबला. मी बटण दाबलं. पलीकडच्या कॉम्प्युटरवर चित्र उमटलं, अख्खं, डोळ्यांसकट.

मास्तरांनी छापलेला कागद नाकाला लावून पाहिला, बराच वेळ. "रोज हेच म्हणायचो तिला," ते म्हणाले. "त्या रात्री तेवढं राहिलं."

ऑपरेशन ठीक झालं. त्यांना बऱ्यापैकी दिसतं. चित्र दुकानात मशीनच्या वर लावलंय, जाऊन बघ. फ्लॉपी मी त्यांना परत दिली. चकतीवर थर म्हणून उरला नव्हता, आरपार दिसत होतं. माझी चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती.

तुला एवढं का सांगतेय म्हणतेस? गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी हा जुना सुरू केला की बामचा वास येतो आणि कर्सर आपोआप हलतो. आत फ्लॉपी नसते, जॉयस्टिक तर मी कपाटात टाकलीय. आधी हे टेबल काढलं. मग मी, चष्मा, अंबाडा, सगळं अगदी हुबेहूब. हात फार गोड आहे तिचा, मला राग येत नाही. मी आपली म्हणते, झालं गं, ऊठ आता, पाठ दुखेल. ऐकते. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करते.

काल तिनं माझ्या पाठीमागची यांची खुर्ची काढली. रिकामी.

यांना उठव बरं. आत पलंगावर झोपा म्हणावं. आता फक्त माझे डोळे राहिलेत.