तिसरी रांग आजारी का पडली नाही?

आमच्या विट्यातल्या यंत्रमाग कारखान्यात मागांच्या सहा रांगा आहेत. २०४३ साली महासाथ (एकाच वेळी जगभर पसरणारा आजार) आली, तेव्हा पाच रांगांमधली माणसं एकामागून एक आजारी पडायला लागली. तिसऱ्या रांगेत मात्र कुणी साधं शिंकलंही नाही. मास्क सगळ्यांना सारखे, साबण सारखा, दोन मागांमधलं अंतरही सारखं. मग तिसऱ्या रांगेने असं काय पुण्य केलं होतं?

त्या रांगेत माझी आई माग चालवते. तिचं नाव रत्नमाला हावळ. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांच्या खुणांनी बोलते आणि तिचं बोलणं इतरांना सांगायचं काम माझं. मी तेजल, सातवीत आहे. बोलायला लागल्यापासून मी हे काम करतेय आणि ते मला झकास जमतं.

पण त्या आठवड्यात ते नकोसं झालं. कारखान्याच्या व्यवस्थापक निंबाळकर मॅडमनी आईला बोलावलं आणि मला म्हणाल्या, "साथीच्या सगळ्या सूचना आपण भोंग्यावरून देतो. ताईंना त्या ऐकू येत नाहीत. उद्या काही झालं तर? साथ संपेपर्यंत त्यांनी घरीच थांबावं. सोमवारपासून."

हे मला माझ्याच हातांनी आईला सांगावं लागलं. आईने शांतपणे खुणा केल्या, "पंधरा वर्षं मी कापड डोळ्यांनी विणतेय, कानांनी नाही." मी ते मॅडमना सांगितलं, जरा जास्तच जोरात. पण निर्णय बदलला नाही.

मला भयंकर राग आला. मी तडक हवालदारकडे गेले. हवालदार म्हणजे कारखान्यातला सुरक्षा-रोबो. तो हवा तपासतो म्हणून कामगारांनी त्याचं हे नाव ठेवलंय, आणि त्याला ते आवडतं.

"तिसऱ्या रांगेत वेगळं काय आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. मी फक्त मोजतो," तो म्हणाला. "तू बघ. माणसं काय करतात, ते माणसांना लवकर कळतं."

मी मास्क लावून वरच्या काचेच्या सज्जात बसले. खाली मागांचा खडखडाट चालला होता. चौथ्या रांगेत एक धागा तुटला. मागांची दुरुस्ती करणारे जॉबर दिलावरकाका धावले. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, विणकराच्या कानाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. विणकरानेही मास्क खाली करून तसंच उत्तर दिलं. विट्यात हे कुणाला खटकत नाही. आमच्याकडची माणसं घरीसुद्धा अशीच बोलतात.

मग तिसऱ्या रांगेत धागा तुटला. आईने दोन बोटं वर करून कात्रीसारखी मिटली. तीन माग पलीकडच्या शेवंतामावशीने मान हलवली आणि धागा जोडला. मास्क जागचा हलला नाही. आईबरोबर काम करून ती अख्खी रांगच खुणांनी बोलायला शिकली होती!

मी धापा टाकत खाली आले आणि पाहिलेलं सगळं हवालदारला सांगितलं. दिलावरकाका मला हसले, "आगं पोरी, वरडल्याबिगर ऐकू येतंय व्हय हितं?"

हवालदारने काकांना एका रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत उभं केलं आणि त्यांच्यासमोर प्रकाशाचा पातळ पडदा सोडला. मी, आई आणि निंबाळकर मॅडम काचेबाहेरून बघत होतो. काका मास्क काढून हळू बोलले, तेव्हा पडद्यावर थोडे ठिपके चमकले. ओरडले, तेव्हा पडदा ठिपक्यांनी भरून गेला.

"हे तुषारकण (बोलताना तोंडातून उडणारे अगदी बारीक थेंब)," हवालदारने सांगितलं. "आजारी माणसाच्या तुषारकणांमधून विषाणू (रोग पसरवणारा अतिसूक्ष्म कण) बाहेर पडतो. आवाज जितका मोठा, तितके कण जास्त. त्यात मास्क खाली आणि ऐकणारा वीतभर अंतरावर."

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच समद्यांस्नी वाटत फिरलो की काय!"

"तसं ठरवायची घाई नको," हवालदार म्हणाला. "ही एकच रांग आहे, योगायोगही असेल. दहा दिवस सगळ्यांनी खुणांनी बोला. बाकी काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही."

पण खुणा शिकवणार कोण? निंबाळकर मॅडमनी आईकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाल्या, "ताई, सोमवारी याल ना?"

आई आली. अंगणात सगळ्यांना लांब-लांब उभं करून तिने धागा, तेल, थांब, धोका अशा चाळीस खुणा शिकवल्या. चहाची खूण सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केली. दिलावरकाका खुणासुद्धा ओरडल्यासारख्या करायचे, आई हसून त्यांचे हात खाली घ्यायची.

आधीच्या दहा दिवसांत अठरा जण आजारी पडले होते. पुढच्या दहा दिवसांत चार. त्यानंतरच्या दहा दिवसांत एकही नाही.

महिनाअखेरीला सगळे अंगणात जमले. भोंग्याच्या जोडीला प्रत्येक मागावर रंगीत दिवे लागणार होते, आणि हवालदार आमच्या खुणा दुसऱ्या गावांतल्या मागवाल्यांना पाठवणार होता. सुरक्षा समितीची प्रमुख म्हणून मॅडमनी आईचं नाव जाहीर केलं, तेही खुणांनी. एक खूण चुकली, पण कळलं.

आई बोलायला उभी राहिली. सवयीप्रमाणे मी धावत तिच्याशेजारी गेले आणि तोंड उघडलं. समोर पाहिलं तर सगळ्यांच्या नजरा आईच्या हातांवर होत्या. ती विनोद करत होती आणि सगळे हसत होते.

मी तोंड मिटलं, पहिल्या ओळीत जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांसारखी आईचं भाषण बघायला लागले.