उबेची जागा

हान नावाचा म्हातारा गवंडी दुपारी जेवण उरकून आला. गवती जोड्यांवरचं बर्फ त्यानं उंबऱ्यापाशी झटकलं आणि आत येताच जमिनीवर तळवा टेकवून बसला. घर कुणाचंही असो, रामराम आधी जमिनीला, मग माणसांना, ही त्याची रीत. कोरियाच्या त्या डोंगरातल्या निम्म्या घरांच्या जमिनी त्याच्या हातच्या होत्या. चुलीत लाकूड जळायचं स्वयंपाकघरात. तिचा जाळ खोलीच्या लाद्यांखालून, दगडी वाटांनी फिरत मागच्या धुराड्याकडे जायचा आणि वर माणसं उबेत झोपायची.

"धूर कोंडतो का, सूनबाई?"

"नाही आजोबा, चूल धूर छान ओढते," माल्सुन म्हणाली. "पण ऊब पसरत नाही. पंधरा दिवसांत अर्धी लाकडं संपली. चुलीकडची एवढीशी जागा तापते, बाकी नुसतं बर्फ. पोरीचा खोकला काही केल्या थांबत नाही."

"धूर कोंडला की शिव्या गवंड्याला, जमीन गार पडली की सुनेला. आज दोघं एकाच जागी सापडलो, बरं झालं."

माल्सुनला हसू आलं नाही. पाठीला बांधलेली दोन वर्षांची बोकसिल खोकून खोकून काळीनिळी झाली होती. कालपासून तिच्या रडण्यातही जोर उरला नव्हता.

चुलीकडची उबदार जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची असते. सासूबाईंनी ती आपण होऊन सोडली होती. तिथं गोधडीखाली भाताचा झाकणाचा पितळी वाडगा होता. बाहेर गेलेल्या माणसाचा भात असा उबेत ठेवायचा, हे तिथं घरोघरी चालतं. पण माल्सुनचा नवरा चिलसोंग सुगीनंतर लाकडाला म्हणून खिंडीपलीकडे गेला, त्याला आता तीन महिने होत आले. घळीत सापडली ती नुसती त्याची पाठीवरची ओझ्याची चौकट, तीही मोडलेली. गावानं काय ते ओळखलं. सासूबाई मात्र रोज सकाळी ताजा भात भरत होत्या.

म्हाताऱ्यानं लाद्या ठोकून पाहिल्या, एक उचलून आत काठी फिरवली. वाटा साफ होत्या. मग त्यानं चटई गुंडाळली, वाडगा गोधडीसकट बाजूला ठेवला आणि साऱ्या जमिनीवर पातळ चिखलाचा हात फिरवला. जिथं आधी वाळेल तिथं जाळ पोहोचतो, हा त्याचा हिशेब.

"चूल पेटव. चांगली भरून पेटव."

माल्सुन चूल पेटवून आली, सासूबाईही आल्या, आणि तिघंही भिंतीला टेकून बघत राहिली. आधी वाडग्याच्या जागी गोल डाग वाळला. मग त्यापासून ऊब हळूहळू पुढं सरकली... एक खांदा, वाकडी कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर झोपलेल्या माणसाएवढं वाळलं आणि तिथंच थांबलं. एक हात पुढं पसरला होता. बाकीचा चिखल ओला तो ओलाच. माल्सुननं तो आकार ओळखला. चिलसोंग असाच झोपायचा.

"वहिनी," म्हातारा सासूबाईंना हळूच म्हणाला, "उद्यापासून भात इथं ठेवू नका. गेलेल्याच्या नावानं नैवेद्याचं ताट मांडायचं असतं. गरम भात राखून ठेवला की माणूस घरी येतो... कसाही येतो."

"ताट मांडलं, की मीच त्याला मारला असं होईल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाडगा परत जागेवर ठेवला, गोधडी नीट केली. "थंडीत गेलाय माझा पोरगा. उबेला आला तर तुमचं काय जातं?"

म्हाताऱ्यानं थापी पुसून पिशवीत टाकली. दाराशी तो माल्सुनला म्हणाला, "वाटांत खोट असती तर मी काढली असती, पोरी." त्यानं जोडे चढवले. तो निघून गेला.

दिवस कलायला आला. ओला चिखल पुसून चटई पुन्हा अंथरली होती, पण बोकसिलचे पाय चोळून चोळून माल्सुनचेच हात गार पडले. वाडगा फेकून द्यावा असं तिला फार वाटलं, पण हात उचलला नाही. तिलाही चिलसोंग हवाच होता. बाप तो बापच, असं मनाशी म्हणत तिनं लेकीला पाठीवरून सोडलं आणि जिथं तो हात पसरला होता, तिथं गोधडीखाली निजवलं.

खोकला थांबला. कितीतरी दिवसांनी थांबला. माल्सुनला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

ती चुलीपाशी गेली, लाकडं सारू लागली. सासूबाईही येऊन शेजारी काटक्या मोडत बसल्या. भिंतीपलीकडून आवाज येत होता, सावकाश, एका लयीत... थप्... थप्... लेकराला निजवताना पाठीवर थोपटतात तसा.

माल्सुननं आपल्या हातांकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या.

"जाऊ नकोस," सासूबाई कुजबुजल्या. "निजवतोय तो."

ती धावत आत गेली. लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. बोकसिलची पाठ भाकरीसारखी गरम होती. छाती, पोट, तोंड दगडासारखं गार. तिनं हाका मारल्या, गाल चोळले, तोंडात फुंकर घातली. पाठीची ऊब पुढं येईना.

रिकामी गोधडी अजून थोपटली जात होती.